माफीपेक्षा बढती महागात पडली: सफारोव प्रकरण आणि काराबाखची बोलणी

प्रश्न थोडक्यात असा: २०१२ मध्ये हंगेरीने रामिल सफारोव नावाच्या कैद्याला अझरबैजानच्या ताब्यात दिलं, मायदेशी उतरताच त्याला माफी मिळाली आणि आर्मेनियाने हंगेरीशी राजनैतिक संबंध स्थगित केले. एका कैद्यामुळे काराबाखची, म्हणजे ज्या प्रदेशावरून हे दोन शेजारी देश लढले त्याची, शांतता बोलणी बिघडली म्हणणं ही अतिशयोक्ती नाही का? हंगेरीची कायद्याने चूक होती का? आणि त्या माणसाला आता पुन्हा तुरुंगात टाकता येईल का?

प्रत्यार्पण आणि कैद्यांच्या हस्तांतरणाच्या कामात बरीच वर्षं वकिली केल्यावर माझं मत असं बनलंय की या प्रकरणात प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता आणि एकूण परिणाम भयंकर होता. आमच्याकडे नवीन ज्युनियर आला की मी त्याला हे प्रकरण वाचायला देतो ते त्याचसाठी.

आधी काय घडलं ते. फेब्रुवारी २००४, हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. नाटोच्या 'शांततेसाठी भागीदारी' कार्यक्रमाखाली तिथल्या राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठात इंग्रजी भाषेचा वर्ग चालू होता. वेगवेगळ्या देशांचे तरुण लष्करी अधिकारी एकाच वसतिगृहात राहत होते. त्यात आर्मेनियाचे दोन लेफ्टनंट होते, गुर्गेन मार्गारियान आणि हाइक माकुचियान, आणि अझरबैजानचा लेफ्टनंट रामिल सफारोव. १९ फेब्रुवारीच्या पहाटे सफारोव मार्गारियानच्या खोलीत शिरला आणि झोपेत असलेल्या त्या २५ वर्षांच्या मुलाला त्याने कुऱ्हाडीने मारलं. कुऱ्हाड आणि धार लावायचा दगड त्याने आधीच शहरातल्या दुकानातून आणून ठेवले होते. तिथून तो माकुचियानच्या खोलीकडे गेला, पण दार आतून बंद होतं, म्हणून तो वाचला.

बचाव पक्षाने सांगितलं की आमच्या झेंड्याचा अपमान झाला होता, आम्हाला डिवचलं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. १३ एप्रिल २००६ रोजी जन्मठेप झाली, ३० वर्षांआधी सुटकेचा विचारही होणार नाही अशा अटीसह. २००७ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.

सफारोव काराबाखला लागून असलेल्या, अझरबैजानच्या जब्राईल जिल्ह्यातला. १९९३ मध्ये तो जिल्हा आर्मेनियन फौजांनी घेतला आणि तिथली अझरबैजानी कुटुंबं देशोधडीला लागली. त्याच्या समर्थकांच्या बोलण्यात हा भाग नेहमी पहिला येतो, आणि तो खोटा नाही. पहिल्या काराबाख युद्धात सुमारे ३० हजार माणसं मेली, लाखो विस्थापित झाली, दोन्हीकडची. पण मार्गारियान १९९३ मध्ये १५ वर्षांचाही नव्हता, आणि बुडापेस्टचं वसतिगृह ही युद्धभूमी नव्हती. उलट, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एका छपराखाली राहून बघावं यासाठीच असल्या वर्गांना पैसा दिला जात होता. खुनाचा पहिला घाव त्या कल्पनेवर बसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अझरबैजानची राजधानी बाकूजवळ नाटोचा एक संयुक्त सराव व्हायचा होता. आर्मेनियन अधिकाऱ्यांना येऊ देणार नाही असं दिसल्यावर नाटोने तो रद्दच करून टाकला.

आता कायद्याकडे. वर्तमानपत्रांनी याला 'प्रत्यार्पण' म्हटलं, मराठीतही तेच आलं. प्रत्यक्षात हे प्रत्यार्पण नव्हतं. प्रत्यार्पणात आरोपीला किंवा फरार गुन्हेगाराला, जिथे त्याच्यावर खटला आहे किंवा शिक्षा बाकी आहे, त्या देशाकडे सोपवतात. इथे ज्या देशाने शिक्षा दिली त्यानेच आपला कैदी त्याच्या मायदेशी पाठवला, उरलेली शिक्षा तिथे भोगायला. याचा आधार वेगळा: युरोप परिषदेचा १९८३ चा, स्ट्रासबर्गमध्ये सह्या झालेला, शिक्षा झालेल्या व्यक्तींच्या हस्तांतरणाचा करार. तो माणुसकीच्या भूमिकेतून आला आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, घरच्यांपासून हजारो किलोमीटर दूर शिक्षा भोगणं म्हणजे दुहेरी शिक्षा, तेव्हा कैद्याची संमती असेल आणि दोन्ही सरकारं तयार असतील तर त्याला घराजवळच्या तुरुंगात जाऊ द्या. आपल्याकडेही २००३ पासून कैदी प्रत्यावर्तनाचा कायदा आहे तो याच कारणासाठी. आखाती देशांत किंवा आणखी कुठे अडकलेल्या आपल्या माणसांसाठी मी स्वतः असे अर्ज केले आहेत, आणि ही सोय नसती तर त्यांच्या आईबापांना मुलाचं तोंड दिसलं नसतं.

या फाइलमध्ये काय असतं? निकालाची प्रमाणित प्रत, किती शिक्षा भोगली आणि किती उरली याचा तुरुंगाचा दाखला, दोन्ही देशांत तो गुन्हाच आहे हे दाखवणारी कलमं, कैद्याची सही केलेली संमती, आणि घेणारा देश शिक्षेचं काय करणार याचं पत्र. शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. घेणाऱ्या देशासमोर दोन वाटा असतात. एक, मूळ शिक्षा तशीच पुढे चालवायची. दोन, आपल्या न्यायालयाकडून ती आपल्या कायद्याप्रमाणे बदलून घ्यायची. देणारा देश सहसा विचारतो, तुम्ही यातली कुठली वाट धरणार?

हंगेरीने हेच विचारलं. ऑगस्ट २०१२ च्या मध्यावर बाकूच्या न्याय मंत्रालयाचं उत्तर आलं. पुढे हंगेरीने ते स्वतःच्या बचावासाठी जाहीर केलं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. त्याचा मथितार्थ असा: परदेशी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा आमच्याकडे बदलल्या जात नाहीत, त्या तशाच पुढे चालतात; आणि आमच्या दंडसंहितेप्रमाणे जन्मठेपेच्या कैद्याची शिक्षा मर्यादित मुदतीची करायची तर ते फक्त न्यायालय करू शकतं, तेही किमान २५ वर्षं झाल्यावर.

हे पत्र नीट वाचा. त्यात एक शब्दही खोटा नाही. पहिलं वाक्य करारातल्या दोन वाटांबद्दल आहे. दुसरं वाक्य न्यायालयाच्या अधिकाराबद्दल आहे. राष्ट्राध्यक्षांच्या दयेच्या अधिकाराबद्दल पत्रात अवाक्षर नाही. आणि कराराचं १२ वं कलम स्वच्छ सांगतं की प्रत्येक देशाला आपल्या राज्यघटनेनुसार माफी, सार्वत्रिक माफी किंवा शिक्षेत सूट देता येईल. म्हणजे हंगेरीने जे विचारलं त्याचं खरं उत्तर मिळालं, आणि जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही. आमच्या धंद्यात समोरच्या वकिलाचं पत्र आलं की त्यात काय लिहिलंय त्याआधी काय लिहिलेलं नाही ते शोधायचं असतं. ज्युनियरला मी हेच पत्र पुढ्यात ठेवून विचारतो, भोक कुठे आहे सांग. बहुतेकांना दिसत नाही, कारण २५ वर्षांच्या आकड्यावर नजर खिळते.

३१ ऑगस्ट २०१२ ला विमान बाकूत उतरलं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव यांनी माफीच्या आदेशावर सही केली. फुलं, राष्ट्रध्वज, कॅमेरे. त्यापाठोपाठ मेजरपदी बढती, राहायला फ्लॅट, आणि तुरुंगात गेलेल्या आठ वर्षांचा पगार. राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळावर त्याच्या सुटकेबद्दल आलेल्या अभिनंदनाच्या पत्रांसाठी वेगळा विभागही उघडला गेला.

त्याच संध्याकाळी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, राष्ट्राध्यक्ष सेर्झ सार्गस्यान यांनी हंगेरीशी राजनैतिक संबंध स्थगित केल्याची घोषणा केली. आमची बुडापेस्टशी बोलणी चालू होती, असं काही होणार नाही असं आम्हाला सांगितलं गेलं होतं, हे त्यांचं म्हणणं. हंगेरियन वाणिज्य दूतावासावर अंडी-टोमॅटो पडले, झेंडा जळला. हंगेरीने अझरबैजानच्या राजदूताला बोलावून निषेध नोंदवला, म्हणजे हंगेरीही हात वर करून मोकळी झाली. त्याच उन्हाळ्यात पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान बाकूला जाऊन आले होते आणि अझरबैजान हंगेरीचे सरकारी रोखे मोठ्या प्रमाणावर घेणार असल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. असा सौदा झाल्याचं हंगेरीने नाकारलं आणि तो सिद्धही झालेला नाही. मी त्यावर वेळ घालवत नाही, कारण सौदा झाला असो वा नसो, माझा मुद्दा बदलत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. काराबाखच्या बोलण्यांचं तेव्हा नेमकं काय चाललं होतं? १९९४ पासून युद्धविराम होता. अमेरिका, फ्रान्स आणि रशिया यांच्या अध्यक्षतेखालचा मिन्स्क गट मध्यस्थी करत होता. टेबलावर होती २००७ ची माद्रिद तत्त्वं. त्यातला गाभा देवाणघेवाणीचा होता. काराबाखभोवतीचे आर्मेनियन फौजांच्या ताब्यातले सात जिल्हे अझरबैजानला परत जातील. काराबाखला तात्पुरता दर्जा, तिथल्या आर्मेनियन लोकांना सुरक्षेची हमी, आर्मेनियाशी जोडणारा एक मार्ग. अंतिम दर्जा पुढे लोकांच्या कौलाने ठरेल. विस्थापितांना घरी परतायचा हक्क. म्हणजे एका बाजूने जमीन द्यायची, ठोस, मोजता येणारी, आणि बदल्यात दुसऱ्या बाजूने शब्द घ्यायचा.

ज्या सौद्यात एकाने जमीन आणि दुसऱ्याने शब्द द्यायचा असतो, तिथे त्या शब्दाची किंमत हेच सगळं भांडवल असतं. ३१ ऑगस्टला ते उघड्यावर मोजलं गेलं. येरेवानमधला सामान्य माणूस करारांची कलमं वाचत नाही. त्याला एवढंच दिसलं की बाकूच्या मंत्रालयाने युरोपीय संघातल्या एका देशाला लेखी कळवलं आणि दोन आठवड्यांत त्या कागदाची काय गत झाली. मग ज्या सरकारने हे केलं त्याच्या हाताखाली काराबाखच्या दीडेक लाख आर्मेनियन लोकांनी 'हमी' घेऊन राहावं असं कुठला आर्मेनियन पुढारी बोलू शकणार होता? बोलला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला खुर्ची सोडावी लागली असती. सार्गस्यान स्वतः काराबाखचे, युद्धात उतरलेले. तडजोड लोकांच्या गळी उतरवण्याची थोडीफार ताकद त्यांच्यासारख्याकडेच होती, आणि तीच या प्रकरणाने संपवली.

एक बारीक गोष्ट सांगतो, बाहेर फारशी कुणी लिहीत नाही. त्या काळात युद्धविराम रेषेवर नेमबाजांकडून माणसं मरत असत, दर महिन्याला, दोन्हीकडे. मध्यस्थांचा प्रयत्न होता की प्रत्येक घटनेची चौकशी करणारी एक यंत्रणा उभी करावी, गोळी कुठून आली ते ठरवावं, तणाव तिथेच थांबवावा. सोचीत रशियाच्या पुढाकाराने झालेल्या भेटींमध्ये त्यावर बोलणं झालं होतं. अशा यंत्रणेमागे एक गृहीतक असतं: जो बेकायदा मारतो त्याला त्याची बाजू निदान जाहीरपणे पाठीशी घालणार नाही. पण न्यायालयात सिद्ध झालेल्या, झोपेतल्या माणसाच्या खुनाला जिथे बढती मिळते, तिथे रेषेवरच्या एका अनोळखी गोळीची चौकशी करून कुणाला काय मिळणार? ती यंत्रणा कधीच उभी राहिली नाही. फक्त सफारोवमुळे राहिली नाही असं मी म्हणणार नाही, अझरबैजानचे त्यावर आधीपासून आक्षेप होते. पण सप्टेंबर २०१२ नंतर ती उभी राहण्याची आशा आणखी कमी झाली.

मध्यस्थांचंही काम अवघड झालं. मिन्स्क गटाच्या तिन्ही सहअध्यक्षांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांना पॅरिसमध्ये वेगवेगळं भेटून चिंता कळवली. माफीमुळे आणि गुन्ह्याच्या गौरवामुळे विश्वासाला धक्का बसला, असा त्याचा सूर होता. अमेरिका, रशिया, युरोपीय संघ, सगळ्यांनी नाराजी नोंदवली. नाटोचे सरचिटणीस रासमुसेन आधीच ठरलेल्या दौऱ्यावर त्याच आठवड्यात येरेवान आणि बाकूला गेले आणि अलियेव यांच्या शेजारी उभं राहून बोलले. १३ सप्टेंबरला युरोपीय संसदेने ठराव केला. हे सगळे देश एरवी फारशा विषयांवर एकसुरात बोलत नसत, हे लक्षात घ्या. आणि तरी हाती काय लागलं? मध्यस्थाची ताकद तो तटस्थ असण्यात असते. इथे त्याला एका बाजूला उघड सुनवावं लागलं, त्यामुळे बाकूला तो पक्षपाती वाटू लागला, आणि पुढे काहीच केलं नाही म्हणून येरेवानला तो नामर्द वाटू लागला.

दोन्ही राष्ट्राध्यक्षांची सोचीतली भेट जानेवारी २०१२ ची. त्यानंतरची बोलण्यांची भेट थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये, व्हिएन्नात. जवळजवळ दोन वर्षं.

तरीही अतिशयोक्तीचा तुमचा संशय अगदी चुकीचा नाही, तेही सांगायला हवं. बोलणी त्याआधीच आजारी होती. जून २०११ मध्ये कझानला करार होईल असं वाटत असताना तो फिसकटला होता. जून २०१२ मध्ये सीमेवर चकमकी होऊन दोन्हीकडची माणसं गेली होती. अझरबैजान तेलाच्या पैशातून शस्त्रं घेत होतं, आर्मेनियाला वाटत होतं की काळ आपल्या बाजूने आहे. २०१६ ची चार दिवसांची लढाई किंवा २०२० चं ४४ दिवसांचं युद्ध एका माफीमुळे झालं असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बोलण्यांतून काही निघेल असं दोन्ही समाजांत मानणारी जी थोडी माणसं होती, पत्रकार, प्राध्यापक, काही निवृत्त अधिकारी, त्यांच्या हातातला पुरावा या माफीने काढून घेतला. येरेवानमध्ये 'यांच्याशी राहता येणार नाही' हे म्हणणाऱ्याला त्यानंतर युक्तिवाद करावा लागत नव्हता, नाव घेतलं की पुरे.

अझरबैजानची बाजूही ऐका. तिथले लोक १९८३ च्या पॅरिसमधल्या ओर्ली विमानतळावरच्या बाँबस्फोटाची आठवण काढतात. तुर्की विमान कंपनीच्या काउंटरवरच्या त्या स्फोटात आठ माणसं गेली. जन्मठेप झालेल्या आर्मेनियन अतिरेक्याला फ्रान्सने २००१ मध्ये सोडून आर्मेनियाला पाठवलं, आणि तिथे त्याचं स्वागत झालं, पंतप्रधान त्याला भेटले. तेव्हा कुणी शांतता धोक्यात आली म्हणालं का, हा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. तो माणूस फ्रान्समध्ये १७-१८ वर्षं आत होता आणि सुटका फ्रान्सनेच केली, हे फरक मोठे आहेत, पण स्वागताचं समर्थन त्याने होत नाही. असल्या स्वागतांची सवय दोन्ही बाजूंना होती आणि दोन्ही बाजूंनी ती समोरच्याच्या हिशेबात मांडली.

माझ्या मते खरा घाव माफीचा नव्हता, बढतीचा होता. माफी ही शिक्षेबद्दलची गोष्ट आहे. माणूस आजारी आहे, म्हातारा झाला, पश्चात्ताप झाला, किंवा राजकीय तोडग्याचा भाग म्हणून सोडला, कारणं शंभर असतात, आणि गुन्हा गुन्हाच राहतो. बढती, घर आणि थकीत पगार हे गुन्ह्याबद्दलचं विधान आहे: ती आठ वर्षं नोकरीत धरली, म्हणजे ते काम सरकारी सेवेत जमा झालं.

याचा पडताळा त्याच दोन देशांच्या इतिहासात पुढे मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये बाकू आणि येरेवानने मध्यस्थांशिवाय संयुक्त निवेदन काढलं आणि कैद्यांची अदलाबदल केली. अझरबैजानने ३२ आर्मेनियन सैनिक सोडले, आर्मेनियाने दोन अझरबैजानी. त्या दोघांपैकी एकाला आर्मेनियन न्यायालयाने एका नागरिकाच्या खुनाबद्दल दोषी ठरवून लांब मुदतीची शिक्षा दिली होती. म्हणजे पुन्हा तोच प्रकार: आर्मेनियन माणसाच्या खुनात दोषी ठरलेला अझरबैजानी सैनिक मायदेशी मोकळा. पण या वेळी बोलणी बिघडली नाहीत, उलट पुढे सरकली. कारण इथे शिक्षा देणारा देश आणि पीडिताचा देश एकच होता, सोडायचं की नाही हे त्यानेच ठरवलं, आणि बदल्यात काय मिळतंय ते त्याच्या लोकांना दिसत होतं. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानंतर शेकडो कैदी सुटले तेही असंच: आधी करार, त्यावर जनमत, मग कायदा, आणि सुटका सशर्त, अट मोडली तर परत आत. पीडितांची घरं त्यावर खूश नव्हती, पण त्यांच्या पाठीमागे काही झालं नव्हतं.

बुडापेस्टच्या बाबतीत मार्गारियानच्या देशाला फाइलमध्ये जागाच नव्हती. कराराप्रमाणे संमती तिघांची लागते: देणारा देश, घेणारा देश, कैदी. पीडिताचा देश चौथा, आणि कागदावर तो नसतोच. साध्या चोरी-दरोड्यात यामुळे काही अडत नाही. पण घेणारा देश आणि पीडिताचा देश एकमेकांशी लढत असतील तर ही पोकळी म्हणजे उघडं गटार आहे.

हंगेरी काय करू शकली असती? सरळ नकार. करारात हस्तांतरण बंधनकारक नाही, कारणही द्यावं लागत नाही. किंवा हस्तांतरणाआधी बाकूकडून वेगळी लेखी हमी: ३० वर्षं होईपर्यंत दयेचा अधिकार वापरला जाणार नाही, आणि ही हमी मंत्रालयाची नाही तर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची. मुंबईच्या वकिलांना हे नवीन नाही. १९९३ च्या बाँबस्फोट खटल्यातला अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला तेव्हा पोर्तुगालने भारताकडून आधी लेखी घेतलं: फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीने ती हमी गेली, २००५ मध्ये सालेम आला, २०१७ मध्ये मुंबईच्या टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. मधल्या काळात हमीचा भंग झाला असं पोर्तुगालच्या न्यायालयाने ठरवलंही, बराच वाद झाला. पण २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षं पूर्ण झाल्यावर केंद्राने राष्ट्रपतींना राज्यघटनेच्या कलम ७२ खाली, म्हणजे दयेच्या अधिकाराखाली, सुटकेचा सल्ला द्यायला हवा. बघा, पोर्तुगालने नेमकं दयेच्या अधिकारापर्यंत पोचणारं आश्वासन घेतलं, आणि वीस वर्षांनी सरकार बदललेलं असतानाही ते न्यायालयात उभं राहिलं. मुंबईत अनेकांना त्या हमीचा राग आहे, बॉम्बस्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांना तर असणारच. पण हमीचा मसुदा कसा करावा याचा तो नमुना आहे. हंगेरीकडे असा मसुदाच नव्हता.

तरी कायद्याच्या कसोटीवर हंगेरी सुटली. माकुचियान आणि मार्गारियानचे नातेवाईक मानवाधिकारांच्या युरोपीय न्यायालयात गेले. २६ मे २०२० चा निकाल आहे. हंगेरीबद्दल न्यायालय म्हणालं की त्यांनी करारातली प्रक्रिया पाळली, आणि तो सुटेलच हे त्यांना कळायला हवं होतं असं दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. मला हा भाग पटत नाही. अझरबैजानच्या मानवाधिकार आयुक्तांनीच सफारोव तरुणांपुढे देशभक्तीचं उदाहरण असल्याच्या अर्थाचं बोलून ठेवलं होतं. तिथे त्याचं स्वागत कसं होईल हे ओळखायला गुप्तहेर लागत नव्हते.

अझरबैजानबद्दल निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. खून सरकारने केला किंवा 'आपला' म्हणून स्वीकारला असं न्यायालयाने ठरवलं नाही. कायद्यात त्यासाठीची कसोटी फार कडक आहे, मागाहून केलेलं कौतुक तिथे पुरत नाही. पण शिक्षा अमलात आणायचं कर्तव्य मोडलं, म्हणजे जगण्याच्या हक्कामागचं संरक्षण मोडलं, हे ठरलं. आणि पीडित आर्मेनियन होता म्हणूनच मारेकऱ्याला ही वागणूक मिळाली, म्हणून भेदभावही झाला, हेही ठरलं. काही महिन्यांतच, २७ सप्टेंबरला, युद्ध सुरू झालं आणि या निकालाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. त्या युद्धात जब्राईल अझरबैजानने परत घेतलं. सप्टेंबर २०२३ नंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन काराबाख सोडून गेले. म्हणजे ज्यांच्या हमीवर माद्रिद तत्त्वं उभी होती, ती माणसंच तिथे उरली नाहीत. हंगेरी आणि आर्मेनियाने संबंध पूर्ववत केले ते डिसेंबर २०२२ मध्ये, दहा वर्षांनी. मिन्स्क गट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्याच विनंतीवरून गुंडाळला गेला.

राहिला शेवटचा प्रश्न. सफारोव पुन्हा तुरुंगात जाईल का? व्यवहारात, नाही. घेणाऱ्या देशाने शिक्षा संपली असं मानलं की शिक्षा देणारा देश ती पुन्हा अमलात आणू शकत नाही, हे त्याच १९८३ च्या करारात लिहिलेलं आहे, त्यामुळे हंगेरीचे हात बांधलेले. युरोपीय न्यायालय भंग झाला असं सांगू शकतं, पण माफी रद्द करू शकत नाही. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचं काम युरोप परिषदेच्या मंत्रिसमितीचं, आणि तिच्या हातात दबाव आणण्यापलीकडे फारसं काही नसतं. माफी मागे घ्यायची तर ती बाकूनेच घ्यायला हवी. तसं होईल असं या क्षेत्रातला कुणी मला अजून म्हणालेला नाही.